प्रतिसाद: बाहेर काय काढायचं?

वर कुणीतरी म्हटलंय की स्केचबुक घेऊन बाहेर पडलं तरी काय काढावं तेच सुचत नाही. अहो, कोल्हापुरात राहून असं म्हणताय होय! सकाळी लवकर रंकाळ्यावर जावा, पाण्यातल्या संध्यामठासमोर (जुना दगडी मंडप) बसा आणि सगळा तलाव कागदावर घ्यायच्या भानगडीत पडू नका, नुसता एक दगडी खांब आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, बास. उन्हातला दगड पाण्यात जरा गडद दिसतो, हे मोबाईलवरच्या फोटोत नीट कळतच नाही. आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार अबालाल रहिमान, त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ असल्या जवळच्याच जागा रंगवल्या की, लांब कशाला जायचं. आणि हात मोकळा करायचा तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जावा, तिथं समोरच म्हशीचं दूध काढून देतात, म्हशी काय पोज देत नाहीत (गवळी तर त्याहून नाही), त्यामुळं खोडायला टाईमच मिळत नाही. पावसाळ्यात मात्र वॉटरकलर लवकर वाळत नाहीत, पेनच न्या.