नायगावचं घर : घाईत बघू नका

एकांनी लिहिलंय की सातारा जिल्ह्यातल्या नायगावचं सावित्रीबाई फुल्यांचं घर 'दहा मिनिटांत बघून होतं'. होतं की! पण मग शिरवळचा फाटा सोडून आत कशाला जायचं?

३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई जन्मल्या ते हे माहेर, खंडोजी नेवसे पाटलांचं. म्हणजे आधी ते एका शेतकऱ्याचं घर, स्मारक नंतर. भिंतीवरची चित्रं सगळेच बघतात. मी आईला घेऊन गेले होते, ती स्वयंपाकघरातून हलेचना. चूल, जातं बघून तिची गाडी सुरू झाली: दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत झाले की पीठ जाडंभरडं पडायचं, मग टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीनं दगड पुन्हा खरखरीत करून देणारा, दारावर यायची वाट बघायची. कणगी शेणामातीनं लिंपायची, धान्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरं फोटो काढायचं सोडून ऐकत राहिली. असं कुठल्या फलकावर मिळणार?

जयंतीच्या दिवशी मात्र जाऊ नका, प्रचंड गर्दी असते. आणि घरातलं कोणी म्हातारं माणूस सोबत न्याच. १८४० मध्ये, नऊ वर्षांची असताना, हाच उंबरा ओलांडून ती पोर सासरी गेली, हे आईनंच तिथे बोट मोजून काढलं.