इंधन ‘संपले’ की ‘अडले’?

फोंड्याहून:
छोट्या विमानांच्या अपघातांवरचा लेख मराठीत आणतोय. ‘फ्युएल एक्झॉशन’ आणि ‘फ्युएल स्टार्व्हेशन’ या दोन वेगळ्या गोष्टी, पण मराठीत दोन्हींना ‘इंधन संपले’ म्हटले जाते. ‘इंजिनाची उपासमार’ कानाला खटकते. काय लिहू?

म्हापशाहून:
‘संपले’ फक्त पहिल्याला. तिथे टाक्या कोरड्या असतात. दुसऱ्यात एका पंखातली टाकी रिकामी, दुसऱ्यातली अर्धी भरलेली, आणि टाकी निवडायची चावी रिकामीवरच राहिलेली. पायपर चेरोकीत डावी नाहीतर उजवी टाकी निवडावीच लागते; सेस्ना १७२ मध्ये दोन्ही एकदम चालू ठेवता येतात. अमेरिकेत २०११ ते २०१५ मधल्या इंधनाच्या अपघातांत ५६ टक्के पहिल्या प्रकारचे होते, ३५ टक्के दुसऱ्या. म्हणजे इतकी विमाने पेट्रोल जवळ असताना पडली! मी ‘इंधन अडणे’ लिहीन.

डिचोलीहून:
‘अडणे’च. आपल्या गोव्यात ‘पायलट’ म्हटले की आधी पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटरसायकल डोळ्यांपुढे येते. कॉलेजात असताना मांडवी पुलावर अशीच एक गाडी आचके देऊ लागली. पायलट थांबला नाही. डावा हात टाकीखाली घालून चाचपत त्याने कॉक रिझर्व्हला फिरवला, मागे न बघताच म्हणाला, “पेट्रोल आसा”, आणि गाडी पुन्हा लयीत आली. इंधन अडले होते, संपले नव्हते.

विमानात हाच फरक जिवावरचा. संपले तर उतरायला मोकळे शेत शोधायचे. अडले तर उंची हातात असेतो आधी टाकी बदलायची. १९९७ साली गायक जॉन डेन्व्हर माँटेरेच्या उपसागरात कोसळून गेले. त्यांच्या विमानात टाकी बदलायची मूठ डाव्या खांद्यामागे होती. तिच्याकडे वळताना उजवे रडर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचे पायपेडल, दाबले गेले, असा तपासाचा निष्कर्ष. अशा बातमीला ‘इंधन संपले’ असा मथळा दिला तर मुठीची जागा चुकीची होती हे वाचणाऱ्याला कधी कळायचेच नाही.

फोंड्याहून:
पटले, ‘अडणे’ घेतो. आणखी एक. सेस्ना १७२ एसच्या टाक्यांत ५६ गॅलन मावतात, पण इंजिनाला ५३च मिळतात. उरलेल्या तिनांना ‘निरुपयोगी’ म्हणवत नाही.

म्हापशाहून:
‘तळचे इंधन’ म्हणा. रॉकेलच्या डब्यात पंप पोचत नाही तिथे जे राहते, त्याला आई ‘तळचे’च म्हणायची आणि मोजताना ते धरायची नाही.