कौरीच्या बुंध्यातून राळ गळतेय, इंजेक्शन द्यावं का?

प्रश्न (ऑकलंडवासी): टिटिरांगीत आमच्या गटाकडे कौरीची (न्यूझीलंडमधला मोठा सूचिपर्णी वृक्ष) काही झाडं आहेत. त्यांतल्या दोन झाडांच्या बुंध्याशी राळ ओघळतेय, शेंडा विरळ होतोय. फॉस्फाइट या औषधाचं इंजेक्शन कसं द्यायचं?

रानवाट: आधी खात्री करा. जखमेमुळेही राळ येते. 'फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा' (कौरीची मुळं कुजवणारा, मातीतला रोगजंतू) आहे की नाही हे मुळांजवळच्या मातीच्या प्रयोगशाळा-तपासणीतूनच कळतं. ऑकलंड कौन्सिलला कळवा.

मूळव्याप: फॉस्फाइट रोग मारत नाही, झाडाची प्रतिकारशक्ती जागवतं. २० मिलिच्या स्प्रिंगवाल्या सिरिंजा बुंध्याभोवती ठरावीक अंतरावर बसवतात. द्रावण जास्त तीव्र झालं की पानं पिवळी पडून गळतात, म्हणून मात्रा झाडाच्या घेरावरून ठरवा. अंदाजपंचे नको! 'कौरी रेस्क्यू' या कौरी वाचवण्याच्या लोकसहभागी प्रकल्पाकडून सिरिंजा आणि मार्गदर्शन घ्या.

रानवाट: त्याहून महत्त्वाचं म्हणजे बूट स्वच्छ ठेवणं. रोग पसरायला टाचणीच्या टोकाएवढी मातीही पुरते. आधी कोरड्या ब्रशने तळव्याच्या खाचांतला चिखल काढा, मगच स्टेरिजीन हे जंतुनाशक फवारा. चिखलावर फवारलेलं वाया जातं, आणि लोक नेमकं तेच करतात. कुत्र्याचे पंजेही पुसा.

मूळव्याप: अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात. बुंध्यापासून फांद्या जिथवर पसरतात त्याच्या तिप्पट अंतरापर्यंत खोदकाम, लागवड टाळा. निरोगी झाडांचं काम आधी, आजारी शेवटी. पावसात तर जाऊच नका, ओल्या मातीत बीजाणू पोहत पसरतात.