जुन्या व्हॅनचं इंजिन परत बांधतोय, यावेळी कूलंट गळायला नको, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
व्हॅन २८ वर्षांची, चार सिलिंडर डिझेल, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, लाइनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या सुट्या नळ्या) ओले म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणारे. मागच्या वर्षी मी स्वतः इंजिन खोललं, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं नवं टाकलं आणि तीन महिन्यांत कूलंट परत कमी व्हायला लागलं, जमिनीवर थेंब नाही, पांढरा धूर नाही, नुसती टाकी उतरत जायची. परवा हेड काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकच्या कडेवर हिरवट पांढरी खपली धरलेली, नखाने खरवडली की भुगा. आणि बाकी सगळ्या हेडबोल्टांची टोकं काळी तेलकट, पण तिथल्या एकाचं टोक लालसर गंजलेलं. म्हणजे गेल्या वेळी त्या भोकात पाणी राहिलं आणि मी तसाच बोल्ट आवळला, असंच ना?

हेडवर सरळपट्टी ठेवली तर मधे ०.०८ मिमीचं फीलर जातं, मॅन्युअल ०.०५ च्या वर नको म्हणतं. एकाने सांगितलं गॅस्केटला दोन्हीकडून सिलिकॉन लाव, फेसिंगची (हेडचा तळ मशीनवर सपाट करून घ्यायची) गरज नाही, ते काही मनाला पटत नाहीये. वडिलांची गाडी आहे, विकायची नाहीये, परत परत खोलायचंही नाहीये. बांधायच्या आधी काय काय तपासू?

प्रतिसाद:
बोल्टचं बरोबर पकडलंत. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बोल्ट त्याच्यावरच अडतो, टॉर्क रेंच टक् करतो आणि हेड मात्र सैल राहतं. कधीकधी ब्लॉकला चीरही जाते, तेव्हा त्या भोकाभोवती नीट बघा. सगळी भोकं हवेने फुंका, आटे साफ करा, बोल्ट अंशात फिरवून आवळायचे असतील तर नवेच घ्या.

फेसिंग करावंच लागेल. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे गाडी गरम-थंड झाली की दर वेळी हेड गॅस्केटवर थोडं घासतं, त्यात वाकडं असेल तर गॅस्केट किती दिवस धरणार? पण आधी हेडची उंची मोजा, मॅन्युअलमधल्या कमीत कमी उंचीच्या खाली जाणार असेल तर ते हेड बाद. सिलिकॉन नकोच, जास्तीचं आत पिळून जातं आणि सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं.

मला खरी काळजी लाइनरची वाटते. हेड काढल्यावर क्रँक फिरवलात का? रिंगांच्या ओढीने लाइनर वर उचलला जातो आणि खालची ओ-रिंग, म्हणजे कूलंट अडवणारी रबरी कडी, जागा सोडते.

आणखी एक प्रतिसाद:
इंजिन बाहेर आहे तोवर ब्लॉकच्या डमी (बाजूची भोकं बंद करणारी पत्र्याची बुचं) पण बदलून टाका, गिअरबॉक्सच्या बाजूची तर नक्की, त्या आतून गंजतात आणि बाहेरून चांगल्या दिसतात. सगळं बांधलं की चेंबर (खालचा ऑइलचा डबा) न लावताच कूलंट भरा, हातपंपाने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलाय तेवढा दाब द्या आणि अर्धा तास थांबा. काटा उतरला नाही पाहिजे. लाइनरखालून गळत असेल तर थेंब खालून डोळ्यांनी दिसतो, नाहीतर तो ऑइलमध्ये जातो आणि कळतं तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं.

धागाकर्ता:
दादा, क्रँक फिरवला होता मी, मागच्या वेळी पण. तुमचं वाचून आत्ता चारही लाइनर काढले, दुसऱ्याची खालची ओ-रिंग एका जागी कापलेली निघाली आणि ब्लॉकमध्ये ती जिथे बसते तिथे गंजाची धार आहे, बोटाला टोचते. ती घासून गुळगुळीत करतो, नवीन ओ-रिंगा आणतो. बसवताना ग्रीस चालेल का?

प्रतिसाद:
साधं ग्रीस नको, काही रबर खनिज तेलाने फुगतं. साबणाचं पाणी लावा, लाइनर सरळ दाबा, आणि बसल्यावर तो ब्लॉकच्या वर किती राहतो ते चारही ठिकाणी मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. मग पट्ट्या लावून लाइनर दाबून ठेवा, हेड बसेपर्यंत क्रँकला हात लावू नका.