सोव्हिएत युनियन अफगाणिस्तानात अडकलं कसं?

सगळे म्हणतात १९७९ ला रशियाने अफगाणिस्तानवर हल्ला केला, पण तिथे आधीपासूनच आपापसात मारामारी चालू होती ना? मग एवढी मोठी महासत्ता त्यात पडलीच का, कोणी नीट सांगेल का?

उत्तर १
अहो आधी तर सोव्हिएत नेते सैन्य पाठवायला नाहीच म्हणत होते! मार्चमध्ये अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठाव झाला, सैन्यातलेच लोक फुटले, तेव्हा त्या सरकारचा प्रमुख तराकी याने सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनशी फोनवर बोलताना गयावया केली की तुमचे ताजिक, उझबेक सैनिक अफगाण गणवेशात पाठवा, कोणी ओळखणार नाही. कोसिगिनने सांगितलं, हे लपणार नाही, दोन तासांत जगभर होईल.

उत्तर २
बरोबर, पण शस्त्रं आणि सल्लागार जातच राहिले, पाय तिथेच रुतला. पुढे तराकीचाच सहकारी अमीन याने सत्ता घेऊन तराकीला ठार करवलं, सोव्हिएत सर्वोच्च नेता ब्रेझनेवला ते फार लागलं, त्यात अमीन अमेरिकेकडे झुकेल ही धास्ती. २७ डिसेंबरला काबूलच्या ताजबेग महालात सोव्हिएत सैन्याने अमीनला संपवून आपल्या मर्जीतल्या करमाल या अफगाण नेत्याला सत्तेवर बसवलं.

उत्तर ३
आणि बाहेर पडले थेट फेब्रुवारी १९८९ ला. सोव्हिएत सैनिक जवळजवळ १५ हजार गेले, पण अफगाण माणसं लाखांनी मेली, त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही, याचं फार वाईट वाटतं.