स्प्रिंग बदलल्यावर ट्रिगर पुढे येत नसेल तर

भाऊ, .२२ स्पोर्ट पिस्तुलात बाहेरून आणलेली हलकी ट्रिगर स्प्रिंग टाकली आणि तेव्हापासून गोळी सुटल्यावर ट्रिगर पुढे येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कोणी सुचवलं तरी ती स्प्रिंग ताणून परत बसवू नका, कळकळीने सांगतो. ताणलेल्या स्प्रिंगचा भरवसा नसतो.

आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली गोळी पुन्हा चेंबरमध्ये चढते. मग मूळ स्प्रिंग बसवून घ्या. दोष गेला तर कारण सापडलं. नाही गेला तर ट्रिगर बारजवळ, म्हणजे ट्रिगरची हालचाल आत पोहोचवणाऱ्या पट्टीजवळ, बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ आणि जुनं तेल मिळून तिथे चिकट थर बसतो.

ट्रिगर अडकणं एक वेळ परवडलं. पण एका दाबात दोन गोळ्या सुटल्या, किंवा स्लाइड बंद होताना हॅमर आपोआप पडला, तर सिअर, म्हणजे हॅमरला अडवून धरणारा खटका, नीट धरत नाहीये. तिथेच थांबा, रेंज ऑफिसरला सांगा, पिस्तूल परवानाधारक आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती कारागिराकडे) द्या. घरी कानस अजिबात लावू नका.

शिवाय २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाला ट्रिगरचं वजन (तो दाबायला लागणारा जोर) किमान १००० ग्रॅम लागतंच, त्यापेक्षा हलकं करून स्पर्धेत उपयोग नाही.