पर्याय देता येत नसेल तर विरोधकांनी गप्प बसावं का?

सडेतोड:
सत्ताधारी 'होय' म्हणाले की विरोधक 'नाही' म्हणणार, हे आता विधेयक न वाचताही सांगता येतं. जीएसटीच बघा. २०११ मध्ये काँग्रेसच्या सरकारने घटनादुरुस्ती विधेयक आणलं, तेव्हा गुजरात, मध्य प्रदेश ही भाजपची राज्यं आडवी आली. २०१४ मध्ये भाजपने आणलं, तर राज्यसभेत काँग्रेस आडवी. कर तोच, फक्त बाकं बदलली! जर्मनीत निदान एक शिस्त आहे. चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, हटवायचं तर त्याच ठरावात नवा निवडावा लागतो. १९८२ मध्ये चॅन्सेलर श्मिट गेले ते त्यांच्या जागी कोल यांना निवडूनच. आपल्याकडेही हेच हवं. पर्याय द्या, नाहीतर गप्प बसा.

वाकडी मान:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. २०१४ च्या विधेयकात आंतरराज्य मालपुरवठ्यावर एक टक्का जादा कर होता. माल राज्याची हद्द ओलांडून विकला की टक्का चढणार, पुढच्या राज्यात गेला की आणखी एक. म्हणजे करावर कर नको म्हणून जीएसटी आणायचा आणि तोच मागच्या दाराने आत घ्यायचा. काँग्रेसने तो काढायची मागणी लावून धरली, २०१६ मध्ये तो गेला. राज्यसभेत बहुमत नव्हतं म्हणून सरकारने ऐकलं. एरवी कोण ऐकतंय?

सडेतोड:
आणि जीएसटीच्या दराला १८ टक्क्यांची मर्यादा थेट राज्यघटनेत लिहा, ही काँग्रेसची मागणी? कराचा दर कोणी घटनेत घालतं का? निव्वळ अडवणूक.

वाकडी मान:
ती मलाही पटली नव्हती, मान्यही झाली नाही. विषय संपला. बाकी तो जर्मन नियम सरकार पाडण्यापुरता आहे हो, प्रश्न विचारण्यासाठी नाही. विरोधकाच्या हाताशी ना खात्याच्या फायली, ना अधिकारी. पर्यायी मसुदा मिळेपर्यंत चूक दाखवायचीच नाही म्हटलं तर सरकारचं फावलंच.

काठावरचा:
तुम्ही दोघंही, पक्ष म्हणजे जणू एकच माणूस, असं धरून भांडताय. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीपासून व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या हा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं की खासदारकी जाऊ शकते, विधेयक कितीही किरकोळ असो. ही शिक्षा विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा, असं निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, शिफारस तशीच पडून. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांचं या एका बाबतीत कसं गुण्यागोविंदाने जमतं! सत्ताधारी बाकावरच्याला विधेयक पटलं नाही तरी हात वर, विरोधातल्याला पटलं तरी खाली.

सडेतोड:
व्हिप सैल करा आणि घोडेबाजार बघा. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, ते उगाच का आठवतं लोकांना?

काठावरचा:
पक्ष बदलणं वेगळं, पक्षात राहून एका विधेयकाला नाही म्हणणं वेगळं. पहिल्याला शिक्षा राहू द्या की. आणि घोडेबाजार थांबलाय कुठे? एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते, दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर त्याच कायद्याने वाचते. किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू.